अंजिरातली वरटी

रमजानमध्ये दस्तरखानावर खजुराशेजारी सुके अंजीर आले की एखादे मूल विचारतेच, "यात किडा असतो म्हणे, खरे का?" मोठी माणसे "खा गुपचूप" म्हणून विषय मिटवतात. प्रश्न मात्र शहाणा आहे.

अंजीर म्हणजे आतल्या बाजूला वळलेला फुलांचा गुच्छ. फुले आत कोंडलेली, मग मधमाशी पोहोचणार कशी? टोकाच्या बारीक छिद्रातून आत शिरते ती जेमतेम दोन मिलिमीटरची वरटी. ती जन्मते रानटी नर-अंजिरात. तिचे नर बिनपंखांचे. ते आतच मरतात. मादी अंगावर पराग घेऊन बाहेर पडते. दुसऱ्या अंजिरात शिरताना तिचे पंख तुटतात, परतीची वाट बंद! ते अंजीर नर-झाडाचे असेल तर ती अंडी घालते. पिलांना घर मिळते, झाडाला पराग वाहणारी नवी पिढी. शाळेच्या पुस्तकात याला सहजीवन म्हणतात. पण झाड खाण्याच्या अंजिराचे असेल, तर त्यातल्या फुलांची रचना अशी की तिला अंडी घालताच येत नाहीत. फळ धरते, ती रिकाम्या हाती मरते. या एकटीपुरता सौदा तोट्याचाच, असे मला वाटते.

तिच्याविना काय होते, ते कॅलिफोर्नियाच्या बागायतदारांनी पाहिले. 1880च्या दशकात त्यांनी तुर्कस्तानातील स्मर्ना, म्हणजे आजच्या इझमिरकडची कलमे नेली. झाडे वाढली, पण फळे कोवळीच गळायची. तुर्कांनी मुद्दाम निकामी कलमे दिली, असा संशयही घेतला गेला. अखेर 1899 साली वॉल्टर स्विंगल यांनी अल्जीरियाहून वरट्या असलेले रानटी अंजीर पाठवले. फ्रेस्नोच्या बागेत वरटी रुजली आणि फळे टिकू लागली. तुर्कस्तानचे शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या रानटी अंजिरांच्या माळा बागेत टांगत आले होते.

आता किड्याचे. आत मेलेल्या वरटीचे शरीर अंजिरातला फायसिन नावाचा पाचक रस विघटित करतो. दाताखाली कुरकुरतात त्या बिया. आपल्या पुरंदर-दौलताबादकडचे अंजीर तर परागाशिवायच धरते, त्याला वरटी लागतच नाही. मुलांना वरटी दाखवायचीच असेल तर पिकू लागलेले उंबर फोडा. त्याची वरटी वेगळ्या जातीची, पण येण्याजाण्याची रीत बरीचशी अशीच.