मेलेल्या झाडाचा भाव

हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा, असे आपण म्हणतो. मेलेल्या झाडाचा भाव मात्र पोलंड सरकारला न्यायालयाकडून ऐकावा लागला.

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर बियावोवेझाचे प्राचीन अरण्य आहे. तिथल्या स्प्रूसच्या झाडांना साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने ग्रासले, तेव्हा मार्च २०१६ मध्ये पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी तोडीची मर्यादा वाढवली. एका वनक्षेत्रात २०१२ ते २०२१ या दशकासाठी सुमारे ६३ हजार घनमीटर तोड ठरली होती. ती १ लाख ८८ हजारांवर गेली. कीड लागलेली झाडे काढली तरच अरण्य वाचेल, असा युक्तिवाद होता. अरण्यात यंत्रे शिरली. शंभरी उलटलेली झाडे पडली, तशी उभ्याउभ्या वाळलेली खोडेही.

पण वाळलेले खोड या किडीच्या कामाचे नसते. तिला सालीखालचा ओला थर लागतो; तो संपला की नवी पिढी उडून जाते. रिकाम्या झालेल्या घरात मग दुसरी बिऱ्हाडे येतात. सुटलेल्या सालीखाली लालभडक, चपटा भुंगेरा राहतो. उन्हात वाळलेल्या पाइनच्या खोडात सोनेरी काठाचा हिरवा भुंगेरा वाढतो. दोघांनाही युरोपीय कायद्याचे संरक्षण आहे. एका भुंगेऱ्याला हुसकावण्याच्या नावाखाली सरकारने या दोघांची घरे मोडली. शिश्को स्वतः भुंगेऱ्यांचे अभ्यासक, वनशास्त्राचे प्राध्यापक. म्हणजे अज्ञानाची सबबही नाही.

जुलै २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने तोड थांबवायला सांगितले. ती थांबेना, तेव्हा नोव्हेंबरात बजावले: ऐकले नाही तर रोज किमान १ लाख युरो दंड. मग यंत्रे बाहेर आली. १७ एप्रिल २०१८ रोजी निकाल लागला, सरकारने कायदा मोडला होता.

आपल्याला जंगलही सारवलेल्या अंगणासारखे लागते. पडलेला ओंडका दिसला की कोणाला जळण दिसते, कोणाला आळस. तोडीच्या आराखड्यात किती लाकूड न्यायचे याचा रकाना असतोच. किती मेलेले लाकूड जागेवर ठेवायचे, याचाही रकाना त्याच पानावर हवा. नाहीतर तो भरायला न्यायाधीश यावे लागतात.