चाकावरच्या मेणबत्त्या

बालमित्रांनो, "दिवाळीला किती दिवस राहिले?" असं विचारून तुम्ही आईला भंडावून सोडता ना? जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधली मुलंही नाताळाबद्दल अगदी असंच विचारायची. ही गरीब, घरी आबाळ झालेली मुलं. योहान विकेर्न या धर्मोपदेशकांनी १८३३ साली त्यांच्यासाठी 'राउहेस हाउस' ही संस्था काढली होती.

१८३९ साली विकेर्नना एक युक्ती सुचली. त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या, पांढऱ्या. इतर दिवसांच्या छोट्या, लाल. रोज प्रार्थनेच्या वेळी एक जास्त पेटवायची. न पेटलेल्या मोजल्या, की झालं! नाताळ किती दूर, ते कळायचं. थंडीतल्या अंधारात उजेडही रोज थोडा वाढायचा.

नाताळाआधीच्या या दिवसांना 'आगमनकाळ' म्हणतात. आजही अनेक ख्रिस्ती कुटुंबं हिरव्या पानांच्या चक्रावर चार मेणबत्त्या ठेवतात, दर रविवारी एक वाढवतात आणि एकत्र प्रार्थना करतात.

बघा, ज्यांना घराची माया नीट मिळाली नव्हती, त्यांच्यासाठी केलेली युक्ती आज घराघरांत पोचली! एखाद्या मित्राकडे ते चक्र दिसलं, तर कितवी मेणबत्ती पेटलीय, ते जरूर मोजा. आणि वाट पाहायला त्याच्याजवळ थोडं बसा. एकट्यानं वाट पाहिली की कंटाळा येतो, सगळ्यांनी मिळून पाहिली की तोच सण होतो!