टॉवर उठण्याआधी तळमजला मागा

सरकारी कार्यालयांसाठी भाड्याच्या जागा शोधायच्या फायली मी नोकरीत वर्षानुवर्षं हाताळल्या. त्यामुळे ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उठताना दिसले, की मला आधी तळमजल्याची काळजी वाटते. लोकांची कामं जिथे होतात त्या कार्यालयांना त्यातलं काय मिळणार?

भाड्याच्या फायलीत खरा घोळ मोजमापाचा. मालक भाडं सांगतो सुपर बिल्टअपवर. त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं आलं. सार्वजनिक बांधकाम विभाग धरतो चटईक्षेत्र. एका गाळ्यात टेपचं दुसरं टोक धरून मी स्वतः उभी होते. मालकाच्या कागदावर हजार चौरस फूट, भिंतीपासून भिंतीपर्यंत भरले सातशेच्या आत. मग विभाग वाजवी भाडं ठरवून देणार, ते बाजारापेक्षा कमीच. शिवाय अनुदान आल्याशिवाय भाड्याचं बिल निघत नाही. मालक म्हणाला, "मॅडम, क्लासवाला सहा महिन्यांचं आगाऊ देतोय." त्याला दोष कसा द्यायचा? शेवटी कार्यालय गेलं तिसऱ्या मजल्यावर, जिथे कोणी दुकान थाटत नव्हतं. लिफ्ट नव्हती. पेन्शनच्या कामाला आलेल्या आजी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवरच बसायच्या आणि त्यांचे कागद शिपाई वर घेऊन यायचा.

ठाण्यात ऐंशी लाखांचं घर पुरुषाच्या नावावर घेतलं, तर सात टक्क्यांनी ५ लाख ६० हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि वर ३० हजार नोंदणी फी. एवढं भरणाऱ्याला दस्तनोंदणीच्या कार्यालयात अंगठा आणि फोटोसाठी बसायला धड बाक असावा, ही मागणी फार मोठी नाही.

मुंबईत जागा अपुरी म्हणून राज्य सरकारने नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटींना घ्यायचं ठरवलं, २०२४ मध्ये केंद्राने मान्यताही दिली. मला तो निर्णय पटतो; जन्मभर भाडं भरण्यापेक्षा हक्काची जागा बरी. पण वर्तकनगरात विकत घ्यायचीही गरज नाही. म्हाडाची वसाहत सार्वजनिक जमिनीवर वसली आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत समावेशक आरक्षणाची सोय आहे: विकासकाने आरक्षणाचं बांधकाम करून महापालिकेला द्यायचं, मोबदल्यात उरलेल्या बांधकामाची मुभा घ्यायची. जिथे असं आरक्षण नाही, तिथे म्हाडाने परवानगीच्या अटींतच कार्यालयांची जागा लिहून घ्यावी. पोखरण रोडवर रेमंडची गिरणी जाऊन उंच इमारती आल्या, कॅडबरी नाक्यावरून मेट्रोचा मार्ग गेला. इथलं भाडं आता उतरणार नाही.

रहिवासी म्हणतील, आमचं घर आणखी लांबेल. ही भीती मी हलकी मानत नाही. घर सोडून बिल्डरच्या भाड्यावर राहणारी, दर अकरा महिन्यांनी सामान बांधणारी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. म्हणूनच ही अट नकाशा मंजूर होण्यापूर्वी घालायला हवी. काम सुरू झाल्यावर घातली तर खरंच उशीर होईल.

तळमजल्यावर, रस्त्याकडे तोंड असलेली, चटईक्षेत्रात मोजलेली जागा, व्हीलचेअरसाठी उतार आणि स्वच्छतागृह, आणि मालकीच्या रकान्यात महापालिकेचं किंवा शासनाचं नाव: करारात एवढं लिहून घ्या. येत्या निवडणुकीत मत मागायला आमच्या इमारतीत येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला मी हेच विचारणार आहे.