गुलाबी चमकी आणि तीन ग्रॅमी

'फ्युजन' म्हटलं की आपल्याला कॉलेज फेस्ट आठवतो. एक गिटार, एक ढोलकी, भरपूर शिट्ट्या. मेक्सिकोच्या संगीतकार गाब्रिएला ओर्तिस यांचं प्रकरण जरा वेगळं आहे.

त्यांचे आई-वडील 'लॉस फोल्क्लोरिस्तास' या लोकसंगीत गटातले. म्हणजे लोकसंगीत घरातलंच! पुढे त्यांनी 'आंत्रोपोलिस' लिहिलं. स्पॅनिशमध्ये 'आंत्रो' म्हणजे नाइट क्लब किंवा साधासा बार. मेक्सिको सिटीतल्या जुन्या डान्स हॉलची आठवण त्यांनी थेट सिम्फनी ऑर्केस्ट्रात आणून बसवली.

पण हे फक्त नॉस्टॅल्जियाचं काम नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एका अल्पवयीन मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला आणि मेक्सिको सिटीतल्या बायका रस्त्यावर उतरल्या. शहराच्या सुरक्षाप्रमुखावर त्यांनी गुलाबी चमकी उधळली. त्यावरच ओर्तिस यांनी 'रेवोलुसिओन दियामांतिना' हा बॅले रचला. 'दियामांतिना' म्हणजे चमकी. गुस्ताव्हो दुदामेल आणि लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकने केलेल्या याच नावाच्या अल्बमला फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन ग्रॅमी मिळाले.

यातून आपण काय घ्यायचं? नाचाचा ठेका उचलणं सोपं असतं. त्या ठेक्यावर कोण नाचत होतं, आज ते कुठल्या रस्त्यावर उभे आहेत, हे विसरलं की उरते ती नुसती सजावट. ओर्तिस ते विसरत नाहीत. म्हणून त्यांचं संगीत 'फ्युजन'च्या पुढे जातं.

हेडफोन लावा, 'आंत्रोपोलिस'पासून सुरुवात करा. पाय गप्प बसणार नाहीत!