दीड तासाची थाप

मंडळी, हल्ली एक वाक्य फार कानावर पडते. "नागपूर काय हो, विमानाने दीड तास!" म्हणणारा डोंबिवलीचा असो की बॉस्टनचा, हा दीड तास त्याला कुणी ताम्रपटावर कोरून दिल्यासारखा ठाम असतो. मला त्या आकड्याचा मनापासून राग येतो. आज तो इथे काढणार आहे.

आधी गणित. मुंबई आणि नागपूरच्या विमानतळांमधले सरळ अंतर सुमारे ६८५ किलोमीटर. त्याला ताशी ८०० ने भागा, उत्तर ५१ मिनिटे. सातवीतल्या मुलाला मी पैकीच्या पैकी गुण दिले असते, कारण पुस्तकातले विमान धावपट्टीसाठी रांगेत उभे राहत नाही. खरे राहते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरतात. उतरणाऱ्यांना आकाशात घिरट्या. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा. त्यात कंपन्या थोडी मिनिटे जास्तीची घालून ठेवतात, म्हणजे "वेळेवर पोहोचलो" म्हणायला मोकळ्या!

अंतर आणि वेळ यांचे नाते इतके सरळ असते तर काय हवे होते? एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले. दिल्ली–लंडन अंतर नकाशावर होते तेवढेच राहिले, प्रवास मात्र लांबला. अमेरिकेतल्या वाचकांना तर ठाऊकच आहे, की पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे जातानाचे विमान येतानापेक्षा जास्त वेळ घेते. असो.

आता माझा दीड तास मोजा. डोंबिवलीहून विमानतळ, रस्त्याची कृपा असेल तर दोन तास. विमानाआधी दोन तास हजर राहायचे. मग तो सुप्रसिद्ध दीड तास. सामानाच्या पट्ट्यापाशी अर्धा, सोनेगावहून ताईच्या घरी आणखी अर्धा. झाले साडेसहा! (नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला, तो आम्हाला जवळ, हे मान्य. त्याने तासभर वाचेल, पाच नाही.) यात सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांचा हिशेब धरलेलाच नाही. मागच्या वेळी एका विमान कंपनीने चाकाची खुर्ची देतो म्हणून मला तासभर बाकावर बसवून ठेवले होते.

विमान रेल्वेपेक्षा जलद आहे, याबद्दल माझे भांडण नाही. भांडण आहे ते या आकड्याचा छडीसारखा वापर करण्याशी. नागपूरला माझी थोरली बहीण असते, वय ८१. तिच्याकडे माझे जाणे लांबले की भाचरे फोनवर ऐकवतात, "मावशी, दीड तासाचा तर प्रश्न!" जणू मला तिची माया कमी. पुण्याहूनही नागपूरला विमान जाते बरे का, आणि त्यालाही साधारण दीडच तास लागतो. भाचरे पुण्यात राहतात. गेल्या दिवाळीनंतर त्यांतले किती जण आईकडे जाऊन आले, ते मी इथे लिहीत नाही. ती वाचतात हा ब्लॉग.

तेव्हा बाळांनो, यापुढे मला बोलवायचे तर साडेसहा तास सांगा, आणि सोबत कोण येणार तेही सांगा. नाहीतर विदर्भ एक्स्प्रेसचे तिकीट काढा, कल्याणहून, खालचा बर्थ. डबा मी घेईन.