कापसाची वंशावळ

युरोपातील बाजारात विकावयास येणाऱ्या वस्तूंनी आपली कुळकथा सोबत बाळगली पाहिजे, असा कायदा युरोपीय संघाने २०२४ साली केला आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून तो अमलात आला. ही कुळकथा कागदावर लिहावयाची नाही. वस्तूवरील लहानशा चौकोनी चिन्हासमोर मोबाइल धरला की ती कशापासून झाली, कोठे झाली, तिचा पुनर्वापर कसा करावा, हे पडद्यावर उमटावे अशी योजना आहे. तिला 'डिजिटल पारपत्र' असे नाव मिळाले आहे. कोणत्या वस्तूस कोणता मजकूर लागेल हे वस्तुगणिक आणि टप्प्याटप्प्याने ठरावयाचे आहे. परंतु ज्यांचा विचार अग्रक्रमाने व्हावयाचा आहे त्यांत कापड आहे. कापड आले की कापूस आला, आणि कापूस आला की आपले निमाड आले. म्हणून हा प्रश्न परदेशचा म्हणून सोडून देता येत नाही.

भारतात पिकणाऱ्या सेंद्रिय कापसात मध्यप्रदेशाचा वाटा मोठा आहे. खरगोन जिल्ह्यात, कसरावदच्या परिसरात, १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच या शेतीचा संघटित प्रयोग सुरू झाला. रासायनिक खत नाही, विषारी फवारणी नाही, जनुकबदल केलेले बियाणे नाही, अशा कापसास चार पैसे अधिक मिळावेत हा त्यामागील व्यवहार. पण या व्यवहारात एक मूळचीच अडचण आहे. सेंद्रिय बोंड आणि साधे बोंड शेजारी ठेवले तर डोळ्यांना भेद काहीच दिसत नाही. माल जिनात गेला की सरकी वेगळी होते आणि रुईची १७० किलोची गासडी बांधली जाते. अशा एका गासडीस सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो आणि त्यात अनेक शेतांचे वेचे एकजीव होतात. पुढे सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिलाई, अशी मजल दरमजल करीत तो सातासमुद्रापार जातो. गिऱ्हाईक जे जादा मोल देते ते धाग्यास देत नाही. धाग्याविषयीच्या शब्दास देते.

हा शब्द खरा राहावा म्हणून यंत्राचे साहाय्य घेतले गेले ते योग्यच होते. सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि 'अपेडा' या केंद्रीय निर्यात संस्थेने २०१० मध्ये 'ट्रेसनेट' ही संगणकीय नोंदवही उघडली. लहान शेतकऱ्यांचे पंचवीस ते पाचशे जणांचे गट करावयाचे, प्रत्येकाचे नाव, क्षेत्र आणि अपेक्षित पीक नोंदवावयाचे, आणि माल हातोहात जाईल तसतसा प्रत्येक विक्रीचा दाखला काढावयाचा, अशी ही रीत. विकलेला माल शिलकेतून वजा होतो. शिल्लक नसेल तर दाखला निघू नये. पूर्वी एका दाखल्यावर दहा गाड्या माल खपविणे सोपे होते, ते आता तितके सोपे राहिले नाही, हे मान्य केले पाहिजे.

तथापि २०२० च्या ऑक्टोबरात जे उघडकीस आले त्याने साऱ्या व्यापाराचे डोळे उघडले. सेंद्रिय कापडास मानचिन्ह देणाऱ्या 'गॉट्स' या आंतरराष्ट्रीय संस्थेने जाहीर केले की, भारतातील सुमारे २०,००० टन कापूस खोट्या दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून खपविला गेला. गासड्यांत मोजले तर हा आकडा एक लाख सतरा हजारांवर जातो. देशाच्या त्या काळच्या वार्षिक सेंद्रिय उत्पादनाचा तो सुमारे सहावा भाग होता. अकरा कंपन्यांवर बंदी घालण्यात आली. यातील युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. खोट्या दाखल्यावर चौकोनी चिन्ह होते. ते तपासले असता सरकारी संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल उघडत असे आणि ती नक्कल दाखला खरा असल्याची ग्वाही देत असे! साक्षीदार आणि आरोपी एकाच घरचे असल्यावर निकाल दुसरा काय लागणार?

यावर उपाय म्हणून आणखी नवी साधने पुढे आली आहेत. 'कस्तुरी' या नावाने भारतीय कापसाची जी सरकारी मोहीम चालली आहे तिच्यात 'ब्लॉकचेन' पद्धतीची नोंदवही वापरली जाते. युरोपीय अवकाश संस्थेच्या साह्याने उपग्रहाच्या चित्रांवरून सेंद्रिय शेते ओळखण्याचा प्रकल्प भारतासाठी २०२३ मध्ये जाहीर झाला. बियाण्यात जनुकबदल आहे की नाही हे पाहणारी प्रयोगशाळेची एकरूप चाचणी २०१९ पासून प्रचारात आहे. ही साधने उपयुक्त आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा त्याच्या स्वरूपातच आहे. ब्लॉकचेन एकदा झालेली नोंद गुपचूप बदलू देत नाही. ती नोंद मुळात खरी होती की नाही, हे तिला ठाऊक नसते. उपग्रह हिरवेपणा पाहतो, शेतकऱ्याशी झालेला सौदा पाहत नाही. चाचणी बियाण्याचे सांगते, फवारणीचे सांगत नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार? पोहरा सोन्याचा केला म्हणून पाणी गोड होत नाही.

आणि आडाची स्थिती काय आहे? आपले नाव सेंद्रिय गटात आहे हेच शेतकऱ्यास ठाऊक नाही, अशा तक्रारी मध्यप्रदेशातूनच झालेल्या आहेत. नोंदणी करणारा दुसरा, दाखला काढणारा तिसरा, आणि ज्याच्या घामावर ही इमारत उभी तो मात्र नुसता आकडा. जो खरोखर सेंद्रिय शेती करतो त्याच्याही वाटेत काटे आहेतच. २००२ मध्ये बीटी कापसास परवानगी मिळाली आणि आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याखाली आहे. बिगर बीटी बियाणे मिळविणे हीच मोठी खटपट होऊन बसली आहे. शेजारच्या शेतातील पराग मधमाशीने आणला किंवा जिनातच मिसळ झाली, तर चाचणीत अपराधी ठरण्याची पाळी निरपराधावर येते. दाखल्याचा व्यापार करणारा मात्र चाचणीच्या आधीच पैसे मोजून मोकळा होतो.

या संदर्भात इंदुरास आपल्याच इतिहासाचे स्मरण व्हावे. कापसाच्या संशोधनासाठी येथे १९२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' स्थापन झाली. तेथे आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि राख यांपासून खत करण्याची पद्धत शास्त्रशुद्ध केली. १९३१ मध्ये दोघांचे त्यावरील पुस्तक निघाले आणि ती पद्धत 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर गेली. तिचा पुरावा खताच्या ढिगातच होता. कोणाही शेतकऱ्याने हात घालून पाहावा. हातोहात जाणाऱ्या मालाला इतका सरळ पुरावा मिळणार नाही हे खरे. पण पुरावा शेताजवळ आणि शेतकऱ्यासमोर असावा, हे तत्त्व त्यातून घेण्यासारखे आहे.

तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यायांच्या वह्यांवर पिढ्यान्‌पिढ्या विश्वास का बसला? यजमान स्वतः येऊन, आपल्या तोंडाने सांगून, बहुधा आपल्या हाताने सही करून नोंद घालीत असे म्हणून. कापसाच्या वहीतही तेच व्हावयास हवे. गटातील शेतकऱ्यांची यादी, क्षेत्र आणि विकलेला माल वर्षातून एकदा ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा. प्रत्येक विक्रीची पावती शेतकऱ्याच्या मोबाइलवर त्याला समजेल अशा हिंदीत किंवा निमाडीत जावी, आणि त्याने होकार दिल्याविना नोंद पक्की होऊ नये. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली होती. तेव्हा ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. तिला उपग्रहापेक्षा खर्चही फार कमी येईल.

युरोपचे पारपत्र येईल तेव्हा येईल. त्यात निमाडच्या शेतकऱ्याचे नाव असू शकेल. ते त्याच्या संमतीने असेल की त्याच्या नकळत, हे मात्र येथेच ठरावयाचे आहे.