मुखवट्याआधी नाकाचा विचार

निद्रावस्थेत घशातील श्वसनमार्ग वारंवार मिटून श्वास खंडित होणे, या विकारास वैद्यकशास्त्रात ‘स्लीप ॲप्निया’ असे नाव आहे. झोपेत घशाचे स्नायू शिथिल होतात, जीभ आणि मृदुतालू मागे सरकतात व हवेची वाट अरुंद होते किंवा पूर्णपणे बंद पडते. असा अवरोध किमान १० सेकंद टिकला म्हणजे तो मोजणीत धरतात. पूर्ण आणि अपुरे मिळून ताशी ३० किंवा अधिक अडथळे आले, तर विकार तीव्र समजला जातो. ३० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा विकार कमीअधिक प्रमाणात असावा, असा जागतिक अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्याने घोरणारा मनुष्य गाढ व सुखाची झोप घेत आहे, ही समजूत म्हणूनच सोडून द्यावयास हवी.

या विकारावरील प्रमुख उपाय ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी शोधला आणि तो १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका लहान यंत्राने हवेचा अखंड, सौम्य दाब श्वसनमार्गात ठेवावयाचा, म्हणजे तो मार्ग मिटत नाही, हे त्याचे सूत्र. वाऱ्याने भरलेले शीड जसे ताठ राहते तसाच हा प्रकार होय. ‘सीपॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्राचा दाब साधारणतः पाण्याच्या ४ ते २० सेंटिमीटर उंचीइतका असतो. सलिव्हन यांनी ही हवा नाकावाटेच दिली होती, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

यंत्र आणि मनुष्य यांच्यामधील दुवा म्हणजे मुखवटा. त्याचे मुख्य प्रकार तीन : संपूर्ण नाक झाकणारा, नाकपुड्यांच्या तोंडाशी मऊ उशांप्रमाणे टेकणारा, आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा. रुग्णाने ‘मी तोंडाने श्वास घेतो’ असे सांगितले, की त्याला लागलीच तिसऱ्या प्रकारचा मोठा मुखवटा द्यावा, अशी पद्धत बरीच रूढ आहे. वरवर पाहता ती तर्कशुद्ध वाटते. तोंड उघडे राहिले तर हवा तेथून निसटणार. मग तोंडही झाकून टाकणे हाच सोपा मार्ग नव्हे काय? वस्तुतः हा तर्क अर्धवट आहे आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

नाकावाटे आलेला दाब मृदुतालूच्या मागील बाजूने घशात उतरतो आणि मृदुतालू व जीभ यांना पुढे ढकलतो. त्यामुळे वाट मोकळी होते. तोंडावाटेही तोच दाब आत आला, तर जिभेच्या पुढून व मागून सारखाच जोर लागतो आणि पुढे ढकलण्याचा लाभ कमी होतो. शिवाय मोठ्या मुखवट्याचे पट्टे आवळले, की हनुवटीवर भार येऊन खालचा जबडा मागे रेटला जातो; म्हणजे जी वाट उघडावयाची तीच अरुंद होते. अशा मुखवट्यात पुष्कळदा अधिक दाब लागतो, शिल्लक राहणारे अडथळे अधिक असतात आणि रुग्ण यंत्र कमी वापरतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. ‘अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन’ या संस्थेने २०१९ च्या आपल्या मार्गदर्शनात सर्वसाधारणपणे नाकाच्या मुखवट्यालाच पसंती दिली, ती याच कारणांनी.

तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणता मुखवटा?’ हा नसून ‘तोंड का उघडते?’ हा आहे. त्याची कारणे दोन वर्गांत पडतात. काहींचे नाकच बंद असते : मधला पडदा वाकडा असणे, ॲलर्जीमुळे आतील त्वचा सुजणे, नाकात मांसल गाठी वाढणे. यांवर तज्ज्ञांकडून उपचार होऊ शकतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणे, औषधी फवारा, क्वचित शस्त्रक्रिया. दुसऱ्या वर्गातील लोकांचे नाक मोकळेच असते. परंतु श्वास कोंडल्यामुळे, हवेसाठी धडपडताना, त्यांचे तोंड उघडते. म्हणजे तोंडाने श्वास घेणे हा येथे मूळ विकाराचाच परिणाम असतो. पुरेसा दाब नाकावाटे मिळू लागला, की यांपैकी अनेकांचे तोंड आपोआप मिटू लागते. जागेपणी तोंड मिटून काही मिनिटे नाकाने स्वस्थपणे श्वास घेता येत असेल, तर नाकाचा मुखवटा वापरून पाहण्यास प्रत्यवाय नाही.

यात एक दुष्टचक्रही आहे. तोंडातून हवा निसटू लागली, की नाकातून कोरड्या हवेचा एकतर्फी झोत वाहतो. आतील त्वचा सुकते, सुजते, नाक चोंदते आणि तोंड आणखीच उघडते. हवा कोमट व दमट करणारी पाण्याची पेटी यंत्राला जोडल्याने हे चक्र पुष्कळ अंशी तुटते. राजस्थानसारख्या कोरड्या प्रदेशात किंवा उत्तरेकडील हिवाळ्यात तिची गरज अधिक भासते. उलट, समुद्रकाठच्या दमट हवेत वातानुकूलित खोलीत नळीत पाणी साचू शकते, म्हणून तिचे प्रमाण ऋतुमानाप्रमाणे बदलावे लागते.

तथापि, मोठा मुखवटा त्याज्य आहे असा याचा अर्थ नव्हे. ज्यांचे नाक उपचारानंतरही मोकळे होत नाही, किंवा हवा दमट करूनही ज्यांच्या तोंडातून मोठी गळती चालूच राहते, त्यांना तोच उपकारक ठरतो. मात्र उलटी झाल्यास किंवा गुदमरल्यासारखे वाटल्यास तो स्वतःच्या हाताने काढता न येणाऱ्या व्यक्तीस देणे धोक्याचे आहे. नाकाच्या मुखवट्याबरोबर हनुवटीचा पट्टा काहींना साहाय्यक होतो. ओठांवर चिकटपट्टी लावण्याचा उपाय मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून करू नये. मध्यरात्री वीज गेली व यंत्र थांबले, तर मोकळे तोंड हाच श्वासाचा राखीव मार्ग असतो. तो बंद करून ठेवणे, वीजपुरवठा बेभरवशाचा असलेल्या गावी तरी, शहाणपणाचे नाही.

मुखवटा खुर्चीत बसून, यंत्र बंद असता पसंत करणे ही आणखी एक सामान्य चूक होय. तो आडवे पडून, कुशीवर वळून आणि ठरलेल्या दाबाची हवा चालू ठेवून पाहावा. रात्री कवळी काढून ठेवणाऱ्याच्या चेहऱ्याची घडण बदलते. दाढीमिशांमुळे कड नीट बसत नाही. पट्टे अतिशय आवळावे लागत असतील, तर माप चुकले आहे असे समजावे. काही मुखवट्यांच्या बकलांत लोहचुंबक असतात. शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसविलेल्यांनी ते टाळावेत.

हे सारे पाहण्यास वेळ लागतो, आणि तोच बहुधा दिला जात नाही. यंत्राबरोबर एकच मुखवटा हाती पडतो. तो बोचतो, गळतो, डोळ्यांवर वारा सोडतो. रुग्ण काही रात्री सोसतो आणि अखेर महागडे यंत्र कपाटात जाऊन बसते. विकार मात्र तसाच राहतो, आणि त्यासमवेत रक्तदाब, दिवसा येणारी पेंग व वाहन चालविताना डुलकी लागण्याचे संकटही. म्हणून विक्रेत्यांनी सुरुवातीच्या काळात मुखवटा बदलून देण्याची सोय ठेवावी, रुग्णालयांनी मुखवटा बसवून पाहणे हा उपचाराचाच भाग मानावा, आणि रुग्णाने ती मागणी संकोच न करता करावी. यंत्राची योग्यता त्याच्या मोटारीवरून ठरत नाही. चेहऱ्याला नीट बसणाऱ्या त्या लहानशा मुखवट्यावर ती अवलंबून असते.